उसना रवंथ

मेंढी रवंथ करायची थांबली की समजावं, तिचं काही खरं नाही. ती खात नाही, ओरडत नाही, कान पाडून भिंतीकडं तोंड करून उभी राहते. रोदोपच्या डोंगरातल्या त्या सात-आठ वाड्यांत असं काही झालं, की माणसं जनावरांच्या डॉक्टरला फोन करायच्या आधी स्तामेनाला हाक मारत. एकाहत्तर वर्षांची बाई. सगळे तिला ‘काको’ म्हणत, म्हणजे थोरली बहीण. तिच्याहून दहा वर्षांनी मोठा असलेला शेजारच्या वाडीतला दिमोसुद्धा काकोच म्हणायचा, आणि तिला त्याचा राग येई.

तिचं काम ऐकायला किळसवाणं वाटेल. वाटू दे. एखादी धडधाकट मेंढी निवांत बसली, की काको तिच्या शेजारी जाऊन बसे. गळ्यातून गोळा वर येताना दिसला, की डाव्या हातानं जबडा धरायचा, उजव्या हाताची दोन बोटं गालात घालायची आणि तो हिरवा, कोमट गोळा बाहेर ओढायचा. वर चिमूटभर मीठ, चमचाभर दही, आणि सगळं आजारी मेंढीच्या घशात. दुधाला विरजण लावावं तसं ती पोटाला विरजण लावायची. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत मेंढीचा जबडा हलू लागे. चाळीस वर्षांत तिनं किती मेंढ्या अशा उठवल्या, ते तिलाही सांगता आलं नसतं.

हे तिला सासूनं शिकवलं होतं. सासूचे नियम कडक. रवंथ घ्यायचा तो गळ्यात घंटा असलेल्या म्होरक्या मेंढीचाच. बकरीचा चालत नाही, गाईचा तर नाहीच. “प्रत्येक पोटात आपापली माणसं राहतात,” सासू सांगायची. “बकरीच्या घरातली माणसं मेंढीच्या घरी नांदत नाहीत.” दह्याबद्दल मात्र तिचा काही नियम नव्हता. दही सगळ्यांनाच चांगलं. तिथं पोट दुखलं तरी दही, जड झालं तरी दही, बाळंतिणीला दही आणि मरणाऱ्याच्या ओठांनाही दहीच लावतात.

रालित्सा नावाची तरुण डॉक्टरीण तालुक्याहून यायची. ती एकदा काकोच्या स्वयंपाकघरात बसून सांगत होती, “गवत मेंढी पचवतच नाही, काको. तिच्या पोटातले जिवाणू पचवतात. मेंढी त्यांना जेवू घालते आणि मग त्यांच्यावर जगते. गवत खाणारे जिवाणू वेगळे, दाणा-पाव खाणारे वेगळे. खाणं बदललं की घरातली वस्तीच बदलते.”

“माझी सासू हेच म्हणायची,” काको म्हणाली. “फक्त तिनं कॉलेज केलं नव्हतं.”

“आणि माणसांचंही तसंच आहे. म्हणून तर एकच जेवण एकाला लागतं आणि दुसऱ्याला लागत नाही.”

यावर काकोचा धाकटा भाऊ ग्रूदी खो खो हसला. दोघं एका ताटातलं खाऊन मोठे झाले होते. तो ढोलासारखा सुटला, ही काठीची काठीच राहिली. “माझ्या पोटात सगळी कष्टाळू माणसं बसलीत,” तो म्हणाला, “आणि काकोच्या पोटात सगळे आळशी.”

“तुझ्या पोटात आख्खी पंचायत बसलीय,” काको म्हणाली. “ऊठ, मेंढ्या सोड.”

ग्रूदीच्या अडतीस मेंढ्या होत्या, काळ्या, राठ लोकरीच्या, पांढऱ्या कपाळाच्या, त्यांच्या आजोबांच्या कळपातून उतरलेल्या. त्या जातीच्या मेंढ्या आता त्या डोंगरात कुणाकडेच उरल्या नव्हत्या. ग्रूदीचा मुलगा स्पेनला होता आणि बापाला दर रविवारी बोलवायचा. ग्रूदीचं उत्तर ठरलेलं असे, “मेंढ्या आहेत तोवर मी इथं आहे.” काको शेजारी विणत बसून हे ऐकायची. तिचा नवरा कधीच वारला होता, मूलबाळ नव्हतं. गल्लीतल्या अकरा घरांपैकी चारच घरांच्या चुली पेटत होत्या. भाऊ गेला तर सकाळी उठून कुणावर खेकसायचं हेसुद्धा तिच्यापुढे कोडं होतं. त्या अडतीस मेंढ्यांवर तिचा जीव होता तो असा.

त्या वर्षी हिवाळा हटता हटेना. गवत मार्चमध्येच संपलं. मेंढ्यांच्या पाठीचे मणके हाताला लागू लागले. ग्रूदीला लाज वाटायची. सेंट जॉर्जच्या सणाला सगळ्या वाड्यांचे कळप एकत्र येतात, आणि तिथं माणसं मेंढ्यांकडं बघून मालकाची किंमत करतात. ईस्टर झाल्यावर सोमवारी तो गावातल्या बेकरीत गेला आणि उरलेल्या कोझुनाकची नऊ पोती गाडीत घालून आणली. कोझुनाक म्हणजे ईस्टरचा गोड, अंड्या-लोण्याचा पाव. संध्याकाळी त्यानं ती सगळी पोती गोठ्यात ओतली. उपाशी मेंढ्या तुटून पडल्या.

“बघ कशा खातायत!” तो दारात उभा राहून म्हणाला. त्याचे डोळे भरून आले होते.

काकोनं बघितलं. तिला ते आवडलं नाही. गोठ्यात पावाचा, व्हॅनिलाचा वास भरला होता, आणि मेंढ्या मान वर न करता, एकमेकींना ढुशा न देता खात होत्या. “एवढं एकदम नको,” ती म्हणाली.

“माझी वाक्ला हिवाळाभर माझ्या हातनं पाव खाते. तिला काय झालंय?”

वाक्ला ही कळपाची म्होरकी. तिला खरंच काही झालं नव्हतं. काको गप्प बसली. तिथं ती चुकली, पण ही चूक लहान होती.

मंगळवारी दुपारी ग्रूदी धापा टाकत आला. “काको, गोठ्यात आवाजच नाही.”

अडतीस मेंढ्यांच्या गोठ्यात कसला तरी आवाज असतोच. त्या दिवशी नव्हता. मेंढ्या पाय फाकून उभ्या होत्या. पोटं फुगली होती, आणि काकोनं एकीच्या कुशीवर मूठ दाबली तेव्हा आत पाणी हिंदकळल्यासारखं झालं. शेणाला आंबूस घाण वास येत होता. एकट्या वाक्लाचा जबडा हलत होता.

ग्रूदीनं फोन बाहेर काढला. “रालित्साला बोलावतो.”

“कशाला? मी काय मेले आहे?”

“नाही, पण इतक्या सगळ्या…”

“ठेव तो फोन. मीठ आण आणि माझ्या घरचं दही आण. मोठा माठ.”

भावानं फोन खिशात ठेवला. तिचं ऐकायची त्याला साठ वर्षांची सवय होती.

काको वाक्लाजवळ बसली आणि एकामागून एक गोळे काढू लागली. वाक्लाच्या तोंडाला शेवटी शेवटी रक्त आलं. पण एवढ्या मोठ्या आजाराला चमचाभर दही कसं पुरेल? तिनं पळी घेतली. प्रत्येक मेंढीचं तोंड वर करून एक पळी, दोन पळ्या. कुणाला देऊन झालं हे कळावं म्हणून ईस्टरची अंडी रंगवून उरलेला लाल रंग बशीत घेतला आणि औषध दिलेल्या प्रत्येकीच्या कपाळावर अंगठ्यानं ठसा उमटवला. माठ संपला तेव्हा ग्रूदी पेटत्या चुलींची बाकीची घरं फिरून दही घेऊन आला. बायकांनी उद्याचं विरजणसुद्धा ठेवलं नाही, सगळं दिलं. पंचवीस मेंढ्या झाल्या आणि दही संपलं. वाक्ला सोडून बारा राहिल्या.

“त्यांना उद्या,” काको म्हणाली. तिचे खांदे गळून गेले होते. “या उद्या रवंथ करतील बघ.”

दिवस मावळायच्या आत पहिली मेंढी बसली. बसली म्हणजे कोसळली. काको तिच्याजवळ गेली, पुन्हा पळीचा तळ खरवडून तिच्या घशात घातला. मेंढीनं तिच्याकडं पाहिलं. चाळीस वर्षांत कुठल्या मेंढीच्या नजरेसमोरून काकोनं तोंड फिरवलं नव्हतं. त्या दिवशी फिरवलं. तरी ती भावाला म्हणाली, “झोप जा. औषध चढायला वेळ लागतो.”

सकाळी ग्रूदीनं दार उघडलं आणि तो आत गेलाच नाही. काको त्याच्या काखेखालून वाकून आत शिरली. जमिनीवर एकोणीस मेंढ्या पाय ताठ करून पडल्या होत्या. एकोणीसच्या एकोणीस कपाळांवर लाल ठसा होता. ज्यांना दही पोचलं नव्हतं त्या बारा जणी भिंतीला टेकून उभ्या होत्या. आजारी होत्या, पण उभ्या होत्या. ठसा असलेल्या उरलेल्या सहा जणी बसून धापा टाकत होत्या. पाव तर सगळ्यांनी सारखाच खाल्ला होता.

काकोनं मोजलं नाही. मोजायची गरजच नव्हती.

या वेळी ग्रूदीनं तिला न विचारता फोन केला. रालित्सा आली, बूट चढवून आत गेली, जिवंत राहिलेल्यांना नळीनं सोड्याचं पाणी पाजलं आणि पाण्याच्या बादल्या बाहेर काढल्या. मग तिनं एका मेलेल्या मेंढीचं तोंड उघडून वास घेतला.

“यांना काय दिलंय?”

“रवंथ,” काको म्हणाली. “आणि दही.”

“किती?”

“पळी. दोन पळ्या.”

रालित्सानं मेंढीचं तोंड हलकेच मिटलं. “काको, पाव खाणारे जिवाणू एका दिवसात पोटभर माजले. त्यांनी पोट आंबवलं. त्या आंबटात गवत खाणारे सगळे मेले. तुमचा रवंथ आत पडला तोही तिथंच मेला. आणि वरून तुम्ही आणखी आंबट ओतलंत.”

“दहीच तर दिलं,” काको म्हणाली.

“तुमच्या-माझ्या पोटाला ठीक आहे. ते मेंढीचं पोट आहे.”

तिनं हे रागानं म्हटलं असतं तर बरं झालं असतं. तिनं हळू आवाजात म्हटलं, काकोच्या हाताला हात लावला आणि गाडीतून औषध आणायला गेली.

काको माठाच्या बाजूला खाली बसली. तिला रडू येत नव्हतं. तिला स्वतःच्या हातांची भीती वाटत होती. तिनं ते पदराला पुसावेत तसे झग्याला पुन्हा पुन्हा पुसले.

तेवढ्यात तिला दिसलं की ग्रूदी ओली चिंधी घेऊन मेलेल्या मेंढ्यांमध्ये गुडघ्यावर बसलाय. एकेका मेंढीचं डोकं मांडीवर घेऊन तो कपाळ घासत होता. रंग पक्का होता, लोकरीतून निघत नव्हता. जिथं निघेना तिथं तो कात्रीनं लोकरच कापून टाकत होता.

“काय करतोयस?”

“दिमो ट्रॅक्टर घेऊन येतोय. खड्डा खणायला.”

“मग येऊ दे. बघू दे त्याला. राहू दे तो रंग, ग्रूदी.”

त्यानं वर पाहिलं नाही. “पावानं मेल्या. माझ्या पावानं. हेच सांगायचं.”

“मी मारल्या.”

“तू मारल्यास, मी मारल्या, आता काय फरक पडतो? माझ्यासाठी इथं काही राहिलं नाही, काको. उरलेल्या मी दिमोला देतो. तुला मात्र इथंच राहायचंय. लोकांनी तुझ्या दाराशी यायला हवं. नाहीतर तुझ्याशी बोलायला कोण येणार?”

काकोला त्याच्या तोंडात मारावीशी वाटली. त्याला मिठी मारावीशी वाटली. तिनं दोन्हीतलं काहीच केलं नाही. ती उठली, कोनाड्यातली दुसरी चिंधी घेतली आणि त्याच्या समोर बसून दुसऱ्या टोकाकडून पुसायला लागली.

दिमो आला तोवर मेलेल्यांत की जिवंतांत, एकही लाल कपाळ उरलं नव्हतं. त्यानं टोपी काढली, ढिगाकडं बघितलं आणि जोरात शिवी हासडली.

“पाव ना रे, गाढवा?”

“पावच,” ग्रूदी म्हणाला. “माझीच हाव.”

“तुला अक्कल कधी येणार? शेजारी एवढी गुणी बाई असताना! काकोला वेळेवर हाक मारली असतीस तर आज या सगळ्या उभ्या असत्या.” तो काकोकडं वळला. “खरं की नाही, काको?”

ग्रूदी तिच्याकडं बघत होता. चिंधी तिच्या हातात होती, लाल झालेली, आणि तिनं ती मुठीत आवळून धरली.

“खड्डा खोल घे, दिमो,” ती म्हणाली. “कुत्री उकरतील.”