खिशावरचा डाग

तुमच्या घरात भरदुपारी गुडघाभर पाणी शिरलं, तर तुम्ही आधी काय उचलाल? खरं सांगा. दुसऱ्याचं कुणी उचलत नाही. कडकमावशीनं उचललं.

मावशीचं काम लाँड्रीचं. रस्त्यापेक्षा दोन पायऱ्या खाली असलेली एकच खोली. पुढं इस्त्रीचं टेबल, मागं पलंग, कोपऱ्यात शेगडी. तिची घडीही कडक आणि तोंडही, म्हणून हे नाव. एकदा एक साहेब कॉलरवर डाग राहिला म्हणून तावातावानं आला. मावशीनं कॉलर पाहिली, साहेबाला पाहिलं आणि म्हणाली, "डाग कपड्याचा नाही हो, मानेचा आहे. आधी ती घासून या, मग बोलू."

रस्त्याखालची पाण्याची मोठी लाइन कित्येक महिने गळत होती. वस्तीनं पाणीखात्यात खेटे घालून चपला झिजवल्या. साहेबलोक "बघतो" म्हणायचे. बघतच बसले मेले! आणि एका दुपारी लाइन फुटली. गढूळ पाण्याचा लोंढा पायऱ्या उतरून थेट मावशीच्या खोलीत.

"मावशी, आधी बाहेर ये!" शेजारचा सायकलवाला ओरडला.

"ओरडतोस काय, हे गाठोडं धर!"

गिऱ्हाइकांची गाठोडी टेबलावर गेली, माळ्यावर गेली, सायकलवाल्याच्या डोक्यावर गेली. लोकांचा एक रुमाल भिजला नाही. पलंगाखालची तिची स्वतःची पेटी मात्र बुडाली.

त्या पेटीत तिच्या लेकाचा शर्ट होता. पोरगा गॅरेजात कामाला. एके सकाळी घरून हसत गेला, आणि जॅक घसरून गाडी अंगावर आली. धुवायला टाकलेला त्याचा आदल्या दिवशीचा शर्ट खुंटीवर तसाच राहिला. खिशातला कंगवा काढताना अंगठ्यानं खिसा ओढायची त्याची सवय, त्यामुळे खिशाच्या कडेला ग्रीसचा ठसा उमटलेला. अंगठ्याच्या रेघा दिसाव्यात इतका स्पष्ट. सगळ्या वस्तीचे डाग काढणाऱ्या बाईनं तेवढा एक राखून ठेवला. कुणाला सांगितलं नाही. असलं काही सांगतं का कुणी?

पाणी ओसरल्यावर तिनं पेटी उघडली. लेकाच्या एकुलत्या एक फोटोचा लगदा झाला होता. शर्ट चिखलानं माखलेला. तिनं खिसा चाचपला. ठसा जागेवर होता. ग्रीस नुसत्या पाण्याला दाद देत नाही, हे तिच्यापेक्षा जास्त कुणाला ठाऊक? तिनं शर्ट दोरीवर टाकला आणि त्या दिवसात पहिल्यांदा खाली बसली.

सकाळी धाकटी जाऊ खराटा, बादली घेऊन हजर. तिचंही काम कपडे धुण्याचंच. "जाऊबाई, तुम्ही गिऱ्हाइकांचे कपडे पोचवून या. घराचं माझ्यावर सोडा." मावशीनं सोडलं. कपडे ठरल्या दिवशी पोचलेच पाहिजेत, मग आभाळ कोसळो.

परत आली तेव्हा फरशी चकचकीत, भांडी उपडी घातलेली, पलंग उन्हात. जावेची बोटं पाण्यानं पांढरी पडलेली, पण चेहरा फुललेला.

"बघा तरी! बाकीचे कपडे एकत्र उकळले, पण आपल्या पोराचा शर्ट वेगळा काढला. खिशावरचा डाग काय हट्टी हो! रॉकेल लावलं, साबण चोळला, पुन्हा रॉकेल. सोडला नाही मी त्याला. लेकराची वस्तू, मळकी कशाला ठेवायची?"

मावशीनं शर्ट हातात घेतला. खिसा उजेडात धरला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला. कुठं काही नव्हतं. नवाकोरा.

आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून दारातला सायकलवाला मागं सरकला. पण मावशी खिशाच्या कडेवरून बोट फिरवत राहिली.

"काय झालं? फाटला का कुठं?" जाऊ घाबरली.

"नाही गं. छान निघालाय."

"मग?"

"तो त्याचा अंगठा होता."

जावेला कळायला क्षणभर लागला. मग तिनं दोन्ही हात कपाळावर मारून घेतले. "मला मेलीला काय माहीत! जाऊबाई, मला काय माहीत!" मावशीनं तिचे ते सुरकुतलेले हात धरून ठेवले. रागवायचं कुणावर? पाणीखात्याच्या पाण्याला जे जमलं नाही, ते मायेनं केलं होतं. त्या दिवशी इस्त्री तापली नाही.

म्हणून हात जोडून सांगणं आहे. कुणाच्या घरात पाणी शिरलं तर धावून जा, कंबर कसून चिखल उपसा. पण साबणाला हात लावण्याआधी त्या घरच्या बाईसमोर उभे राहा आणि विचारा, "यातलं काय धुवायचं नाही?" ती चटकन बोलणार नाही. तिला वेळ द्या.