पिशवीतलं लुगडं

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. म्हणजे गोष्ट सांगितली — लग्नात, बारशात, एकदा तर तेरवीच्या जेवणानंतरसुद्धा — पण खोटी सांगितली. आमच्या घरात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडे आहे. 'काकू, ते मशीनचं सांग' म्हटलं की मी लगेच पदर खोचते. तोंड आहे की भोंगा, देव जाणे.

आम्ही सिंदेवाहीच्या बाया बचत गटात गोधड्या शिवायचो. तुकडे कापायला मशीन घ्यायचं ठरलं — धारेचा साचा, त्यावर कापडाच्या घड्या, दाब दिला की एकसारखे चौकोन. निवडायला नागपूरला मी. का मी? बारावी झालेली मी एकटी, म्हणून. निघताना माझ्या थोरल्या जाऊबाई गिरिजाबाईंनी जुन्या लुगड्याचे तुकडे माझ्या पिशवीत कोंबले.

"मशीनले आपलंच कापड खाऊ घालजो, सुनंदे. गोधडी काई नव्या कापडाची असते?"

दुकानात दोन मशीनं होती. एक काळं, बेढब. दांडा ओढला की सरळ खाली दाबणारं. दुसरं पिवळं, चकचकीत. हँडल फिरवलं की साचा-कापड दोन रुळांमधून पलीकडे. दुकानदारानं त्यात कोरा मांजरपाट घातला. बिस्किटांसारखे चौकोन पडले. मग तो म्हणाला, "मॅडम, तुमचं कापड आणलं असेल तर घालून बघा."

शेजारी एक बाई उभी होती. मोत्यांची माळ, अत्तराचा वास. आणि माझ्या पिशवीत — चुलीच्या धुराचं लुगडं.

"नाही आणलं," मी म्हणाले.

आता सांगा, कुणावर चिडू? दुकानदारावर? त्यानं तर नीट विचारलं होतं. त्या अत्तरवालीवर? तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नव्हतं. तरी वर्षानुवर्षं मी मनात तिला शिव्या देत आले.

पिवळं मशीन घरी आलं. गिरिजाबाईंनी पहिलं हेच विचारलं — आपलं कापड घातलं होतं ना? मी म्हटलं, घातलं, लोण्यासारखं कापते.

त्यांच्या लेकीचं पहिलं बाळंतपण जवळ आलेलं. आमच्याकडे बाळाची पहिली गोधडी घरातल्या गेलेल्या म्हातारीच्या लुगड्याची. गिरिजाबाईंकडे आईचं एकच लुगडं उरलं होतं. ते घेऊन आल्या. माझ्या शब्दावर आल्या. हँडल त्यांनीच फिरवलं. झिजलेलं मऊ कापड रुळांनी ओढलं, चुरगाळलं, दोरे साच्यात अडकले. बाहेर निघाल्या त्या चिंध्या.

सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "बाई, तुम्ही आडवं घातलं."

त्यांनी चिंध्या ओच्यात गोळा केल्या. "आडवं गेलं का माह्या हातानं?"

"हो," मी म्हटलं.

बाळ बाजारातल्या ब्लँकेटवर निजलं. गिरिजाबाई गटात पुन्हा आल्या नाहीत. त्यांनी एवढं सहज खरं का मानलं — हाही राग आहे माझा. बघा, अजून त्यांच्यावरच.

आणि मी काय केलं? गोष्ट केली. त्यांचं डोळे वटारून हँडल फिरवणं, मशीनचा 'घुर्र', सगळं हातवाऱ्यांनी. लोक पोट धरून हसायचे.

गेल्या दिवाळीत त्याच बाळानं, आता मोठ्या झालेल्या नातवानं, गिरिजाबाईंना विचारलं, "आजी, तू आडवं काऊन घातलं?"

"अडाणी होती तुही आजी," गिरिजाबाई हसत म्हणाल्या. "सांग वो सुनंदे, त्याले पुरी गोष्ट सांग."

लुगडं आडवं नव्हतं गेलं. मी तिथंच होते, मी पाहिलं होतं.

मी पदर खोचला आणि तीच पुरी गोष्ट सांगितली. घुर्रसकट.