नानांचा निळा सदरा

माझ्या मावशीच्या नवऱ्याइतका म्हशीत जीव गुंतलेला माणूस गिरणेच्या दोन्ही काठांना सापडायचा नाही. नाना भडगावजवळच्या खेड्यात राहतात. खरं सांगायचं तर ते गोठ्यात राहत आणि घरी फक्त जेवायला येत. धारेला बसले की त्यांच्या म्हशीला, चंद्रीला, गावभरच्या बातम्या सांगायच्या, कुणाची सोयरीक मोडली तेसुद्धा; मग कुठे बाईसाहेब पान्हा सोडणार. नाना परगावी गेले तर मावशीने त्यांचा न धुतलेला निळा सदरा अंगात घालून धार काढायची, नाहीतर बादली लाथेने उडालीच म्हणून समजा. त्या अवतारात मी एकदा मावशीलाच 'नाना, मावशी कुठंय?' असं विचारून शिव्या खाल्ल्या आहेत.

मध्यंतरी दुधाचे भाव पडले आणि सरकारने लिटरमागे अनुदान जाहीर केलं. जनावराच्या कानात नंबरचा बिल्ला हवा, एवढं नानांनी ऐकलं आणि हरखले. पण लेकीचे कान काय असे कोरडेच टोचायचे? चंद्रीला न्हाऊ घातलं, शिंगं रंगवली, भावकीला वरण-बट्टीचं जेवण दिलं. बिल्ला बसताना डोळे मात्र नानांनीच मिटले. जेवून हात धुता धुता डेअरीवाला म्हणाला, की अनुदान फक्त गायीच्या दुधाला आहे. पोटभर जेवेपर्यंत मेला बोलला नाही!

मग ज्याच्या दुधाला अनुदान, तेच जनावर दारोदार बांधलं गेलं. सरकीची ढेप महागलेली, दोन जनावरं पोसणं झेपेना. मावशीने गायीचा आग्रह धरला. नाना कित्येक दिवस तिच्याशी बोलले नाहीत आणि शेवटी चंद्री पारोळ्याच्या एका माणसाला विकून आले. अनुदान कधी येतं, कधी अडतं, पण घर चालतं. मावशीचं तरी काय चुकलं?

थोड्याच दिवसांत पारोळ्याचा माणूस दारात हजर. म्हैस धारच देत नव्हती. आता चंद्री परत येणार, असं मला वाटलं. नानांच्या तोंडावरही ते दिसलं. पण दावणीला गाय होती. नानांनी खुंटीवरचा निळा सदरा काढून त्याच्या हाती दिला.

"धवू नको भो," ते म्हणाले, "आनि तिले गावन्या बातम्या सांगत जाय."

तो माणूस पुन्हा आला नाही. म्हणजे चंद्रीने पान्हा सोडला असणार.

परवा गेलो तेव्हा नाना गायीची धार काढत होते, अगदी गप्प. मला त्या बातम्यांची फार आठवण आली. गाय कशी आहे, मी विचारलं.

"गुनी शे," नाना म्हणाले. "कोनालेबी दूध देस."