आमचं घर ब्राझीलच्या ढोलावर

किस्से जमवायला कुठे जावं लागत नाही. अख्ख्या घराने एकाच क्लासला नाव घातलं की ते आपोआप साठतात. आमचा क्लास बुकित पंजांगच्या कम्युनिटी क्लबमध्ये, शुक्रवारी संध्याकाळी. ब्राझीलमधल्या आफ्रिकन वंशाच्या लोकांचे नाच, ढोलावर, अनवाणी. शिकवणारी लुसिया तिकडचीच, बाहियाची. शिकणारे मी, नवरा सचिन आणि नऊ वर्षांची ईरा. सासूबाई खुर्चीत बसून बघायच्या. नाना, म्हणजे माझे सासरे, गेल्यावर आम्ही त्यांना पुण्याहून इकडे परदेशात घेऊन आलो होतो. कशालाही बोलावलं की एकच उत्तर, "आता माझं काय!" ते ऐकलं की मला रडूच यायचं.

*

सचिन आयटीतला मॅनेजर. पहिल्याच दिवशी "वन, टू, थ्री" मोजत नाचायला लागला.

लुसिया म्हणाली, "मोजू नकोस. हा नाच तुझ्या कमरेत आधीपासूनच आहे."

सचिन गंभीरपणे म्हणाला, "गेल्याच वर्षी कमरेचा एमआरआय काढलाय. त्यात असं काही दिसलं नाही!"

*

बाहियात शुक्रवारी पांढरं घालायची पद्धत आहे. लुसियाने फर्मान काढलं, सगळ्यांनी पांढऱ्यात यायचं! सचिन हार्बरफ्रंटच्या ऑफिसातून धावतपळत आला, पांढरा झब्बा चढवला. आम्ही तिघं दाराशी चपला शोधत होतो. सासूबाई देवापुढून उठून बाहेर आल्या आणि आम्हाला बघून भिंतच धरली.

"कोण गेलं रे?"

"कोणी नाही, आई. शुक्रवार आहे!"

*

त्या वर्षी दसरा नेमका शुक्रवारी आला. आपण त्या दिवशी गाडी पूजतो, लॅपटॉपसुद्धा पूजतो, मग ढोलांनी काय पाप केलंय? मी हळदकुंकू आणि झेंडू घेऊन क्लासला गेले. ढोल वाजवणारे बिचकले. लुसिया मात्र खूश! म्हणाली, "आमच्याकडे देवळात ढोलांना जेवूही घालतात."

ईरा लगेच तिच्या इथल्या शाळेतल्या इंग्रजीत, "सो लाँग नेव्हर ईट, पुअर थिंग ला!"

हसता हसता मी करंडा सासूबाईंपुढे धरला. त्या मागे सरकल्या. "तू लाव. माझा हात नको."

मला संतापच आला. त्यांचा नव्हे, हे ज्यांनी त्यांच्या डोक्यात भरवलं त्यांचा. पण ढोलांपुढे भांडण कुठे काढणार? मी लावलं.

*

फेब्रुवारीत बाहियातले लोक समुद्राच्या देवीला पांढरी फुलं वाहतात. लुसिया आम्हाला ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर घेऊन गेली. फुलांचं काम माझ्याकडे! मी लिटिल इंडियातून मोगऱ्याचे गजरे आणले. लुसिया म्हणाली, "फुलं छान आहेत, पण दोरा समुद्रात नको."

झालं! सासूबाईंनी वाळूत चटई पसरली, गजरे मांडीवर घेतले आणि एकेक फूल सोडवून ईराच्या टोपलीत टाकायला लागल्या.

टोपली भरली, ढोल सुरू झाले. लाटांसारखे हात हलवत सगळे पाण्याकडे निघाले. मी मागे वळून पाहिलं. शेवटचा गजरा सासूबाईंच्या मांडीवर तसाच होता, दोऱ्यासकट. त्यांनी तो थोडा वेळ हातात धरला आणि सावकाश अंबाड्यात माळला.

ईरा ओरडली, "आजी, दॅट वन फॉर द देवी ला!"

सासूबाई उठल्या, साडीची वाळू झटकली आणि पाण्याकडे चालत म्हणाल्या, "तिला बाकीचे सगळे दिलेत की!"