बापूच्या दारातला उतार

आजवर ही गोष्ट माझ्या तोंडून बाहेर पडलेली नाही. आणि माझं तोंड कसं आहे ते आमच्या गावात कुणालाही विचारा. मी एसटी स्टँडवर कंट्रोलर होतो. जन्मभर माइकवर ओरडलो — मिरज, आष्टा, पाटण, गाडी लागतेय, मागं सरका, लेकरं सांभाळा. रिटायर झालो, माइक गेला, आवाज तेवढा राहिला. तो मी नगरपालिकेकडे वळवला. गावाचं नाव सांगत नाही. कृष्णाकाठचं कुठलंही धरा, चालेल. नगरपालिका सगळीकडे एकाच वळणाची.

तुम्ही म्हणाल, कबुली द्यायला बसलाय आणि सुरुवातीलाच दुसऱ्याच्या नावानं शिमगा? बरोबर आहे. पण नगरपालिकेचं ऐकल्याशिवाय माझं कळायचं नाही. आणि खरं सांगू? — तिच्यावर चिडलो की मला बरं वाटतं. तेवढा वेळ स्वतःकडे बघावं लागत नाही.

तर आमच्या गल्लीचं गटार. उघडं. पावसाळ्यात रस्ता कुठला नि गटार कुठलं हे फक्त डुकरांना कळतं. अर्ज देऊन देऊन माझी बोटं झिजली. नगरसेवक बदलले, नगरसेवकांचे पक्ष बदलले — काहींनी तर एका निवडणुकीतच दोनदा बदलले — गटार तेच. पैसे नाहीत म्हणावं, तर स्टँडसमोर गावाच्या नावाची लाल अक्षरं उभी केलीत, मध्ये बदाम, अंधार पडला की दिवे लागतात. पोरं तिथं फोटो काढतात. त्या बदामाच्या मागूनच आमचं गटार वाहतं. फोटोत वास येत नाही म्हणून बरं.

हे सगळं बोलायची आमची जागा म्हणजे बागेतली बाकडी. संध्याकाळी चार-पाच म्हातारे जमायचे. त्यात माझा खरा दोस्त एकच — बापू. शाळेपासूनचा. तो मिलिटरीत गेला, मी एसटीत, आणि म्हातारपणी दोघं परत एकाच गल्लीत. बापू कमी बोलतो. मी बोलायचं, त्यानं मान हलवायची. अशी एखादी मैत्री तुमचीही असेल.

मग वहिनींना, म्हणजे बापूच्या बायकोला, अर्धांगाचा झटका आला. मिरजेच्या दवाखान्यातून त्या घरी आल्या त्या चाकाच्या खुर्चीत. डावी बाजू गेली होती, जीभ मात्र होती तशीच होती. बापूचं घर उंच जोत्यावर, दाराला पायऱ्या, पायऱ्यांखाली गटार. बापूनं गवंडी बोलावला, पायऱ्या काढून टाकल्या आणि दारापासून रस्त्यापर्यंत सिमेंटचा लांबलचक उतार करून घेतला, गटारावरून. पाणी अडू नये म्हणून खालून मोठा पाईप घाल, असं त्याला कुणी सांगितलं? मी. छत्री टेकून उभा राहिलो आणि गवंड्याकडून पाईप बसवून घेतला. त्या पाईपातून पाणी कधी अडलं नाही. एवढं लक्षात ठेवा.

रोज संध्याकाळी बापू खुर्ची ढकलत वहिनींना बागेत आणायचा. आम्हा म्हाताऱ्यांत एक बाई — सुरुवातीला सगळेच अवघडले. थोड्याच दिवसांत असं झालं की वहिनी आल्याशिवाय बैठकीला रंग चढेना. कुणाच्या सुनेचं असो, कुणाच्या गुडघ्याचं असो, त्या एका वाक्यात निकाल लावायच्या. सगळे हसायचे. मीही हसायचो. पण पूर्वी त्या बाकड्यांवर माझं ऐकलं जायचं, हे मी विसरलो नव्हतो.

एके दिवशी मी मुख्याधिकाऱ्याला कसं झापलं ते सांगत होतो. टेबलावर हात आपटून म्हणालो, साहेब, तुमचा पगार आमच्या घरपट्टीतून होतो! साहेबानं मान खाली घातली, वर बघायची त्याची टाप झाली नाही, वगैरे वगैरे. वहिनी शांतपणे ऐकत होत्या. त्यांचा भाचा नगरपालिकेत शिपाई आहे, हे माझ्या ध्यानातच राहिलं नव्हतं.

“आवं भावजी,” त्या म्हणाल्या, “सायेब तर सकाळधरनं सांगलीला मिटिंगला गेलं हुतं. मग तुमी झापलं कुणाला? खुर्चीला व्हय?”

बाकडी हलली हो हसण्यानं. एकाला तर ठसका लागला. आणि बापू — कधी न हसणारा माझा बापू — डोळे पुसत हसत होता.

आणि ते खरं होतं. साहेब नव्हता. असता तरी मी काही बोललो नसतो. आता उघडं व्हायलाच बसलोय तर हेही घ्या — मी जन्मात कधी कुठल्या साहेबाला झापलेलं नाही. साहेब समोर आला की माझे हात आपोआप जोडले जायचे. बाहेर येऊन बाकड्यावर बसलो की मी वाघ. लोकांना ते माहीत असावं. पण तोंडावर कुणी म्हणालं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून मला येताना पाहिलं की कुणीतरी विचारायचंच, “काय कंट्रोलर, आज कुठली खुर्ची?”

एवढंच कारण. तुम्हाला वाटलं असेल यामागं काही जुनं वैर असेल, बांधाचं, भाऊबंदकीचं. काही नाही. एका आजारी बाईनं माझं खोटं पकडलं आणि माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

त्याच आठवड्यात नगरपालिकेचा एक पोरसवदा इंजिनिअर गटार बघायला आला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा! सकाळची वेळ, गल्लीत शुकशुकाट. पाणी तुंबतं कुठं, म्हणून त्यानं मला विचारलं. तुंबायचं ते खाली वळणावर, तिथं एका माजी नगरसेवकानं गटारावरच दुकानगाळे बांधलेत. गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही ते माहीत आहे. त्या माणसाचं नाव घ्यायची माझी छाती झाली नाही, आणि — नाही, ही सबब झाली. सबब नको. त्या घडीला माझ्या मनात गाळे नव्हतेच. मी छत्री उचलली, टोक बापूच्या दाराकडे केलं आणि म्हणालो, “तो उतार बघा. अतिक्रमण आहे. सगळं पाणी तिथंच अडतं. माझं नाव मात्र कुठं येऊ देऊ नका.”

आता नगरपालिकेची कमाल बघा! माझ्या नावानिशी दिलेल्या एकाही अर्जावर जी कधी जागची हलली नाही, ती या एका कुजबुजीवर लगेच जेसीबी घेऊन दारात! नोटीस नाही, विचारपूस नाही. आमच्या गल्लीत प्रत्येकाची पायरी रस्त्यावर आलेली आहे, माझा तर अख्खा कट्टाच रस्त्यात. कशाला हात लावला नाही. गाळ्यांकडे तर मान वर करून बघितलं नाही. फक्त तो उतार उचकटला आणि पाईपासकट ट्रॉलीत टाकला. बापू दारात उभा राहून म्हणत होता, “आवं, पेशंट हाय घरात. तिला बाहीर कशी काढू मी?” वरून ऑर्डर आहे, एवढंच उत्तर. मी गर्दीत होतो. मीही ओरडत होतो — अरे, माणसं आहात का कोण आहात!

चोराच्या उलट्या बोंबा. पण तुम्हाला पटेल का? — माझा संताप खोटा नव्हता. अंगाची लाही झाली होती माझी. असं कसं कुणाचंही ऐकून आजारी बाईची वाट उखडतात हे लोक? शहानिशा नको? एवढीशी कुजबूज पुरते यांना? आजही ते आठवलं की माझं डोकं फिरतं, आणि मग आठवतं की कुजबुजलं कोण.

दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्यांना घेऊन मी नगरपालिकेत गेलो. साहेब खुर्चीत होता. आणि जन्मात पहिल्यांदा मी एका साहेबाला खरोखर झापलं. टेबलावर हात असा आपटला की पाण्याचा ग्लास कलंडला. अपंग बाईचा रस्ता तोडताना हात कसे धजावले तुमचे, म्हणालो. साहेबानं खरंच मान खाली घातली. वहिनींच्या भाच्यानं सगळं बापूच्या घरी जाऊन सांगितलं. संध्याकाळी मी गेलो तर बापू माझा हात धरून म्हणाला, “गड्या, तू हाईस म्हणून रं.” वहिनी खिडकीशी बसून होत्या. मी चहा घेतला आणि घरी आलो.

हे काम कुणाचं? बापूनं मनाशी ठरवून टाकलं — समोरच्या गिरणीवाल्या दत्तूचं. उतारामुळं गिरणीपुढं टेम्पो वळत नाही म्हणून दत्तू एकदा कुरकुरला होता. बापूनं त्याच्याशी बोलणं टाकलं, दळण लांबच्या गिरणीत न्यायला लागला. दत्तू माझ्याकडे रडकुंडीला येऊन गेला. “कंट्रोलर, आईशप्पत म्या न्हाई वो. बापू तुमचं ऐकत्यात. तुमी सांगा की त्यास्नी.” सांगतो म्हणालो. सांगितलं नाही. दत्तू अजून आपल्या गिरणीत येताना बापूच्या दाराकडे न बघता येतो.

पुढं बऱ्याच महिन्यांनी नगरपालिकेनं उतार परत बांधून दिला. आणि बांधला कसा? रस्त्यावर यायला नको म्हणून आखूड, आणि आखूड म्हणून खडा. वर गुळगुळीत लाद्या! शेजारी नगरसेवकाच्या नावाचा बोर्ड, तो उतारापेक्षा मोठा. बापूनं एकदा खुर्ची उतरवून बघितली, दोघंही घसरत थेट रस्त्यावर. आता त्याच्या पायथ्याशी बापूची स्कूटर असते. उद्घाटनाचा नारळ मात्र गल्लीतले लढाऊ ज्येष्ठ नागरिक म्हणून माझ्याकडून फोडवला. फोडला मी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनींनी ते खिडकीतून बघितलं. बाग त्यांना परत दिसली नाही.

इथवरचं ऐकून तुम्ही मला हलकट म्हणाल. म्हणा. पण मी सांगायला बसलो ते हे नव्हे. इथवरचं मी कदाचित कधीतरी बापूच्या पाया पडून सांगितलंही असतं. पुढचं आहे ते — कसं सांगू?

एकदा बापू औषध आणायला बाहेर गेला होता. घरात वहिनी आणि मी. वहिनी खिडकीतून बाहेर बघत होत्या. माझ्याकडे न वळता म्हणाल्या, “भावजी, त्या दिशी त्या सायबाला तुमी छत्रीनं उतार दावत हुता. म्या हितनंच बघितलं. ह्यास्नी म्या सांगितलं न्हाई, त्यास्नी तुमच्याबिगर हाय कोण? पर तुमीच सांगा काय ते. दत्तूवरचं किटाळ तरी जाईल.”

आवाजात राग नव्हता. उलट मलाच समजून घेतल्यासारखं बोलत होत्या. मी फक्त हो म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “वहिनी, मी त्या दिवशी सांगलीला होतो.”

स्टँडवरचा आवाज होता तो. ठाम. आणि त्यांची मान माझ्याकडे वळतेय हे दिसल्यावर मी थांबलो नाही. पुढं बोललो — या दुखण्यात असं होतं, वहिनी. डोक्यावर परिणाम होतो. नसलेली माणसं दिसतात, एकाच्या जागी दुसरा दिसतो. मनाला लावून घेऊ नका. आणि बापूपाशी बोलू नका, त्याला घोर लागेल.

वहिनी माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी मांडीवरच्या आपल्या डाव्या हाताकडे बघितलं. त्या मेलेल्या हाताकडे. “आसंल,” म्हणाल्या.

त्यानंतर त्यांची जीभ गेली. म्हणजे बोलता येतं, पण बोलत नाहीत. कुणी काही सांगितलं, विचारलं, की बापूकडे बघतात. मध्यंतरी बाकड्यावर बापू मला म्हणाला, “ही म्हणती, माझ्या डोळ्यांवर माझाच इस्वास न्हाई ऱ्हायला. काय बघितलं, काय न्हाई, मला नगा इचारू म्हणती. लय घाबरलीय रं. मिरजंला दाखवून आणू का?” मी म्हणालो, आणू की. मी येतो सोबत.

वहिनींना खुर्चीसकट उचलून गाडीत बसवलं आणि गेलो. डॉक्टर चांगले होते, सावकाश विचारत होते. म्हणाले, आजी, नसलेलं काय दिसतं तुम्हाला? एखादं उदाहरण सांगा. वहिनींनी माझ्याकडे बघितलं. माझ्या मांडीवर तीच छत्री होती. त्यांनी पुष्कळ वेळ छत्रीकडे बघितलं आणि म्हणाल्या, “सांगता येत न्हाई.”

डॉक्टरांनी गोळ्या लिहून दिल्या. वहिनी त्या रोज घेतात. घेतल्यावर पेंगत असतात, खिडकीतही बसत नाहीत. परवा संपल्या होत्या, बापूला बरं नव्हतं, म्हणून मीच आणून दिल्या.

वहिनींचे डोळे चांगले आहेत. डोकंही चांगलं आहे. त्या सकाळी मी सांगलीला नव्हतो.