इडेलाबाईंचं सांत्वन

इडेलाबाईंचा नवरा ऑर्व्हल जानेवारीत गेला. होडीवरच, सकाळची कॉफी पिता पिता. त्याला मिशिगनला नेऊन, मातीआड करून इडेलाबाई बहामातल्या जॉर्ज टाउनच्या खाडीत परत आल्या, तेव्हा आम्हा सगळ्यांना जरा अवघडल्यासारखं झालं. बाई आता होडी विकणार आणि मुलीकडे राहणार, हे आम्ही मिळून ठरवून टाकलं होतं. त्यांना विचारायचं तेवढं राहिलं होतं.

सांत्वनाला रीघ लागली. हिवाळाभर इथे शेकड्यांनी होड्या नांगर टाकून असतात, आणि बहुतेक होड्यांवर एकेक निवृत्त नवरा असतो, ज्याला दिवसभर काही काम नसतं. एकेक जण डिंगीतून, म्हणजे छोट्या रबरी होडीतून यायचा, टोपी काढायचा, "ऑर्व्हलसारखा माणूस होणे नाही," म्हणायचा आणि नजर हळूच वर छताकडे न्यायचा. तिथे नव्याकोऱ्या सोलर प्लेट्स होत्या. गॅरेट लूमिस हा दातांचा डॉक्टर तर डोळे पुसायला म्हणून पुढच्या टोकाला गेला आणि नांगराची साखळी चिमटीत धरून तिची जाडी बघत बसला.

इथलं सगळं बोलणं रेडिओवर चालतं. सगळ्यांच्या चॅनेलवर हाक मारायची आणि मग दोघांनी दुसऱ्या चॅनेलवर जायचं. त्यांच्यामागून अख्खी खाडीही तिथे जाते. याला आम्ही चोरून ऐकणं म्हणत नाही, सावध राहणं म्हणतो.

एका संध्याकाळी गॅरेटने शेजारच्या होडीवरच्या ट्रूअ‍ॅक्सला हाक मारली. दोघं गेले, आम्हीही गेलो.

"बाईंचं खाऱ्याचं गोडं पाणी करायचं यंत्र मी घेतो," गॅरेट म्हणाला. "तू डिंगीचं इंजिन घे."

"आणि नांगर?"

"नांगराचं बघू रे. घाई नको. बाई दुःखात आहे, ईस्टर होऊ दे."

"तोवर यंत्र न वापरता पडून राहून खराब होईल त्याचं काय?"

जरा खरखर झाली. मग भाजी चिरता चिरता बोलावं तशा इडेलाबाई बोलल्या.

"नाही होणार. मी रोज चालवते. गॅरेट, तुझा चष्मा इथे राहिलाय, साखळीपाशी. ट्रूअ‍ॅक्स, बायकोला सांग, केक छान झाला होता."

दुसऱ्या दिवशी किनाऱ्यावर जो तो विचारत होता, "तू ऐकलंस?" "छे, मी तर झोपलो होतो. तू?" "मीसुद्धा."

फेब्रुवारीत उत्तरेचा वारा सुटला. होडी टेकडीच्या आडोशाला न्यायला हवी होती. मदतीला तीन जण धावले, त्यांना बाईंनी हात जोडून परत पाठवलं. एकटीने नांगर उचलला, पलीकडे जाऊन टाकला. तो घसरला. पुन्हा टाकला, पुन्हा घसरला. दुर्बिणी लावून आम्ही बघतच होतो. काहींचा चेहरा तर अगदी आशेने फुलला होता. अंधार पडायच्या आत एकदाचा तो वाळूत रुतला.

मी सूप घेऊन गेले. बाई ओल्या बाह्यांनी तशाच बसल्या होत्या.

"पहिल्या खेपेला नांगर रुतला नाही की ऑर्व्हल केवढा खेकसायचा माझ्यावर," त्या म्हणाल्या. "आज कुणीच खेकसलं नाही गं. मग फारच एकटं वाटलं."

सूप मात्र त्यांनी सगळं संपवलं.

एप्रिलमध्ये त्या होडी घेऊन उत्तरेला निघाल्या. सोबतीला ट्रूअ‍ॅक्सची बायको नोरीन गेली, मिशिगनपर्यंत. ती परत कधी येणार, हे ट्रूअ‍ॅक्स रोज सकाळी रेडिओवर विचारतो. आम्ही सगळे सावध राहून ऐकतो.