कशावरून?

गंगापूर रोडला ज्या सरांकडे मी पोळ्या करते, त्यांना प्रत्येक गोष्टीचा पुरावा लागतो. "मावशी, तवा तापला का?" म्हणून विचारतात आणि मी हो म्हटलं की लगेच, "कशावरून?" मी तव्यावर पाणी शिंपडते. चुर्र वाजलं की त्यांचं समाधान होतं.

वहिनी सांगतात, सरांचं शास्त्रच तसं आहे. कॉम्प्युटरचा प्रोग्राम चुकणार नाही, हे तो चालवायच्या आधीच कागदावर सिद्ध करायचं. "लग्नाआधी मला नाही बरं तपासलं," असं म्हणून त्या हसतात.

यंदा सरांनी कॉलेजात त्या विषयाची कार्यशाळा ठरवली आणि गावोगावच्या प्राध्यापकांकडून पेपर मागवले. मला वाटलं रद्दी, म्हणून मी घरचा गठ्ठा नेऊन दिला. सरांनी हसू दाबत तो ठेवून घेतला.

मुदतीच्या शेवटच्या दिवशी ते कॉम्प्युटरसमोरून उठेनात. पेपर आले नाहीत तर कार्यशाळा रद्द, असं प्राचार्यांनी बजावलं होतं.

"अहो, आता कालिका देवीला नवस बोला," वहिनी म्हणाल्या.

सर हसले नाहीत. "मावशी, अजून तुमचाच गठ्ठा तेवढा आलाय."

त्या घरात मी आपणहून कधी बोलत नाही. पण त्यांचा चेहरा बघवेना. ताट ठेवताना म्हटलं, "येतील, सर. पेपर येतील."

आता "कशावरून?" विचारणार, म्हणून मी पदर चुरगाळत उभी राहिले.

सरांनी नुसती मान डोलावली आणि ते जेवायला लागले.